प्रौढ व ज्येष्ठांच्या प्राथमिक आरोग्यसेवेतील नर्स प्रॅक्टिशनर : अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स (आरएन) म्हणून काम करणाऱ्या, तसेच महाराष्ट्रात किंवा गोव्यात नर्सिंगची पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या मराठी परिचारिका आणि परिचारक या शाखेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नियम राज्यागणिक आणि विद्यापीठागणिक वेगळे असतात व बदलतही राहतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आपल्या राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगची आणि त्या विद्यापीठाची चालू नियमावली स्वतः वाचून घ्यावी.

अनुभवी स्टाफ नर्स आणि नर्स प्रॅक्टिशनर यांच्यात नेमका फरक काय?

फरक अनुभवाचा नाही, निर्णयाच्या जबाबदारीचा आहे. स्टाफ नर्स रुग्णाचे निरीक्षण करते, बिघाड वेळेत ओळखते, डॉक्टरांना कळवते, त्यांचे आदेश अमलात आणते आणि एखादा आदेश चुकीचा वाटला तर हरकतही घेते. नर्स प्रॅक्टिशनर रुग्णाची हकीकत स्वतः घेते, त्याला तपासते, चाचण्या मागवते, त्यांचा अर्थ लावते, निदान करते, औषध लिहून देते आणि त्या निर्णयाचे पुढे जे होईल त्याला स्वतः उत्तर देते. वीस वर्षे अतिदक्षता विभाग सांभाळलेल्या सिस्टरांनाही पहिल्या सत्रात हे ओझे जाणवते, आणि ते जाणवणे हे उमेदवार कमी असल्याचे नव्हे तर शिक्षण योग्य ठिकाणी पोहोचत असल्याचे लक्षण आहे.

या भूमिकेची सुरुवात १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लॉरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून, डॉक्टर सहज न मिळणाऱ्या वस्त्यांतील मुलांसाठी पहिला अभ्यासक्रम आखला. प्रौढांसाठीचे आणि वृद्धांसाठीचे अभ्यासक्रम त्यानंतर आले.

प्रौढ आणि वृद्ध यांची एकत्र शाखा का?

पूर्वी त्या दोन वेगळ्या शाखा होत्या. २००८ मध्ये अमेरिकेतील परिचर्या संघटनांनी प्रगत परिचर्येच्या नियमनासाठी एक सामाईक आराखडा मान्य केला. त्यात चार भूमिका आणि सहा लोकसमूह ठरवण्यात आले आणि प्रौढ व वृद्ध मिळून एक समूह करण्यात आला. यामागचे कारण सरळ होते. फक्त वृद्धांच्या शाखेकडे फारच थोडे विद्यार्थी वळत होते, तर दुसरीकडे प्रौढांच्या शाखेतून बाहेर पडलेल्यांच्या दवाखान्यात येणारे रुग्ण बहुतांशी साठी ओलांडलेलेच असत. आता या शाखेत शिकणाऱ्या प्रत्येकाला वृद्धपरिचर्या शिकावीच लागते. हा बदल मला योग्य वाटतो, मात्र त्यात एक धोकाही आहे. एकत्रीकरणानंतर काही ठिकाणी वृद्धांचा विषय दोन-तीन व्याख्यानांत उरकला जातो, म्हणून त्या विषयाला प्रत्यक्षात किती वेळ दिला जातो हे प्रवेशापूर्वी विचारून घ्यावे.

वयोमर्यादेची सुरुवात किशोरवयापासून होते. अनेक विद्यापीठे १३ वर्षे आणि त्यापुढील असे सांगतात. वरची मर्यादा अर्थातच नाही.

फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर होणे अधिक सोयीचे नाही का?

नोकऱ्यांच्या जाहिराती मोजल्या तर फॅमिली शाखेचे पारडे जड आहे, कारण तिला नवजात बाळापासून सर्व वयाचे रुग्ण पाहता येतात आणि लहान गावातील दवाखान्याला किंवा अर्जंट केअर केंद्राला तेच हवे असते. पण तेवढ्याच तासांत लहान मुले, गर्भवती, प्रौढ आणि वृद्ध अशा सगळ्यांचे शिक्षण बसवायचे म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडेच येते. आपला ओढा प्रौढांकडे असेल, मधुमेह, हृदयविकार, स्मृतिभ्रंश, नर्सिंग होम, घरभेटी किंवा पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातील वेदना व त्रास कमी करणारी सेवा) यांत काम करायचे असेल, तर ही शाखा अधिक खोल शिकवते. लहान मुले पाहायचीच आहेत असे मनात थोडेही असेल, तर मात्र येथे येऊ नये, कारण नंतर ती मुभा मिळवण्यासाठी पुन्हा वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

प्राथमिक सेवेची पदवी घेऊन रुग्णालयात काम करता येते का?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा नाजूक आहे. प्रौढ व वृद्ध समूहात प्राथमिक सेवा आणि तीव्र आजारांची सेवा अशा दोन स्वतंत्र वाटा आहेत, त्यांचे अभ्यासक्रम वेगळे आहेत आणि परीक्षाही वेगळ्या आहेत. कोणी काय करावे हे इमारतीवरून ठरत नाही, रुग्णाच्या अवस्थेवरून ठरते. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात स्थिर प्रकृतीच्या हृदयरुग्णाची पाठपुरावा तपासणी करणे प्राथमिक सेवेच्या कक्षेत येते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे व्यवस्थापन येत नाही. काही रुग्णालये ही रेषा सैल धरतात, परंतु तक्रार झाल्यास बोर्ड परवानाधारकाला जाब विचारते. अतिदक्षता विभागात राहायची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी सुरुवातीलाच तीव्र सेवेची वाट धरावी.

प्रवेशासाठी काय लागते?

सर्वसाधारणपणे मान्यताप्राप्त संस्थेची बीएस्सी नर्सिंग पदवी, अमेरिकेतील निर्वेध आरएन परवाना, संख्याशास्त्राचा एक अभ्यासक्रम, शिफारसपत्रे आणि उद्दिष्टाचे निवेदन लागते. एक-दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव काही ठिकाणी सक्तीचा असतो, काही ठिकाणी ऐच्छिक. अनुभव नसताना प्रवेश मिळाला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आजारी माणूस कसा दिसतो हे डोळ्यांत बसलेले नसेल, तर खुर्चीत बसून बोलणाऱ्या रुग्णांतून खरोखर आजारी कोण हे ओळखता येत नाही.

माझे शिक्षण महाराष्ट्रात झाले आहे. मला सरळ अर्ज करता येईल का?

बीएस्सी नर्सिंगची चार वर्षांची पदवी असेल तर बहुतेक विद्यापीठे ती अमेरिकेतील पदवीच्या तोडीची धरतात, पण त्यासाठी गुणपत्रिकांचे अधिकृत मूल्यमापन करून घ्यावे लागते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवणे, महाविद्यालयाकडून प्रत्येक विषयाचे थिअरी आणि प्रात्यक्षिकाचे तास लिहून घेणे आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी पाठवणे ही तीन कामे वेळखाऊ आहेत. नोकरी सोडण्यापूर्वी किंवा देश सोडण्यापूर्वी ती सुरू करावीत, कारण परदेशातून महाविद्यालयाच्या कार्यालयाशी पाठपुरावा करणे फार जिकिरीचे होते.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेल्यांनी आधी पोस्ट बेसिक बीएस्सी करावी, किंवा आरएन परवाना मिळाल्यानंतर अमेरिकेत आरएन ते बीएसएन (नर्सिंगची पदवी) वा आरएन ते एमएसएन (नर्सिंगची पदव्युत्तर पदवी) असा जोड अभ्यासक्रम घ्यावा. दोन्ही मार्गांनी मुक्कामाला पोहोचता येते.

भारतातील एमएस्सी नर्सिंगबद्दल मोठा गैरसमज आहे. मेडिकल सर्जिकल किंवा कम्युनिटी हेल्थमधील एमएस्सी ही उत्तम शैक्षणिक पदवी असली, तरी तिच्या आधारे अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरचा परवाना मिळत नाही, कारण तिच्यात त्या भूमिकेचे शिक्षण आणि देखरेखीखालील क्लिनिकल तास नसतात. अशांना काही विद्यापीठांत पोस्ट मास्टर्स प्रमाणपत्राचा मार्ग खुला असतो. त्यात पूर्वी शिकलेल्या विषयांची तुलना करून उरलेले विषय आणि सर्व क्लिनिकल तास पूर्ण करावे लागतात.

व्हिसाचेही एक वास्तव लक्षात घ्यावे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रम घेता येत नाही. पूर्णवेळ नोंदणीत सत्राला एकच ऑनलाइन विषय धरला जातो. या शाखेचे बरेचसे अभ्यासक्रम मात्र ऑनलाइन किंवा अंशतः ऑनलाइन आहेत. म्हणून एनक्लेक्स ही परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन आरएन म्हणून अमेरिकेत येणे, काही वर्षे काम करणे आणि मग हे शिक्षण घेणे हाच मार्ग बहुतेकांपुढे उरतो, आणि भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीन कार्डची प्रतीक्षा कित्येक वर्षांची असल्याने तो धीराचा आहे.

एमएसएन करावे की डीएनपी, म्हणजे परिचर्येतील व्यावसायिक डॉक्टरेट?

परवान्यासाठी आणि प्रमाणन परीक्षेसाठी एमएसएन पुरेशी आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगने २००४ मध्ये अशी भूमिका घेतली होती की २०१५ पर्यंत प्रगत परिचर्येचे प्रवेशस्तरावरील शिक्षण डॉक्टरेटचे व्हावे. ते साधले नाही, तेव्हा नर्स प्रॅक्टिशनर अध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये २०२५ हे वर्ष ठरवले. भूलतज्ज्ञ परिचारिकांच्या शिक्षणात डॉक्टरेट खरोखरच सक्तीची झाली. नर्स प्रॅक्टिशनरच्या बाबतीत तसा कायदा झालेला नाही. तरीही जॉन्स हॉपकिन्ससारख्या काही संस्थांनी एमएसएनचा मार्ग बंद करून थेट डीएनपी ठेवली आहे.

रुग्णसेवा हेच ज्यांचे ध्येय आहे त्यांनी एमएसएन घेऊन कामाला लागावे आणि शिकवायचे, दवाखान्याची धुरा सांभाळायची किंवा धोरणात उतरायचे ठरले की डीएनपी पुरी करावी, असा सल्ला मी देते. डीएनपीतील वाढीव अभ्यास मुख्यतः गुणवत्तासुधार, आरोग्यधोरण, माहितीशास्त्र आणि प्रकल्पाचा असतो. त्याने रुग्ण तपासण्याचा हात आपोआप सुधारत नाही.

अभ्यासक्रमात काय शिकवतात?

सर्वत्र तीन विषय पायाभूत मानले जातात आणि विद्यार्थी त्यांना तीन पी म्हणून ओळखतात : प्रगत विकृतिशरीरक्रियाशास्त्र (पॅथोफिजिऑलॉजी), प्रगत शारीरिक तपासणी (फिजिकल असेसमेंट) आणि प्रगत औषधशास्त्र (फार्माकॉलॉजी). हे तीन विषय स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून गुणपत्रिकेवर दिसणे बंधनकारक आहे. त्यांच्यानंतर निदानाची विचारपद्धती, प्रौढांचे तात्कालिक आणि दीर्घकालीन आजार, स्त्री व पुरुषांचे लैंगिक आरोग्य, मानसिक आरोग्य, प्रतिबंधक तपासण्या व लसी, संशोधनाचे वाचन आणि व्यावसायिक कायदा असे विषय येतात.

यांत सर्वांत अवघड जाते ती निदानाची विचारपद्धती. 'छातीत दुखते' एवढ्या एका वाक्यावरून संभाव्य कारणांची यादी मनात मांडायची, त्यांतील जीवघेणी आधी बाजूला काढायची आणि उरलेल्यांपैकी प्रत्येकाच्या बाजूने व विरुद्ध पुरावा गोळा करायचा, ही सवय पाठांतराने लागत नाही. त्यासाठी रुग्णाची भूमिका करणारी प्रशिक्षित माणसे वर्गात आणली जातात, विद्यार्थ्याच्या तपासणीचे चित्रीकरण होते आणि मग प्राध्यापक ते त्याच्याबरोबर बसून पाहतात.

वृद्धांच्या सेवेत असे वेगळे काय शिकायचे असते?

या शाखेचा प्राण हाच आहे, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येते : आता वय झाले, असे व्हायचेच. चालताना तोल जाणे, कपड्यांत लघवी होणे, भूक मंदावणे, नावे विसरणे हे सारे त्या एका वाक्यात गुंडाळले जाते. हे वाक्य मोडून काढणे म्हणजे वृद्धपरिचर्येचे शिक्षण. तोल जाण्यामागे झोपेची गोळी असू शकते, ब जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते किंवा उभे राहिल्यावर रक्तदाब घसरत असू शकतो. ही घसरण शोधायला रक्तदाबमापकाखेरीज दुसरे यंत्र लागत नाही : रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब घ्यायचा, मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी घ्यायचा, आणि वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कारण हाती लागले असे समजायचे. गर्दीच्या दवाखान्यात या आठ मिनिटांसाठी जागा करणे, हे शिकवावे लागते.

दुसरा मोठा भाग औषधांचा आहे. एका बाईंना रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू होते आणि पाय सुजतात. सूज पाहून कोणी फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध देते. त्याने वारंवार लघवीला जावे लागते. लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन येते आणि त्याने गोंधळ व विसरभोळेपणा वाढतो. तो स्मृतिभ्रंश समजून डोनेपेझिल लिहिले जाते, जे ऑक्सिब्युटिनिनच्या नेमक्या उलट दिशेने काम करते. चार गोळ्या झाल्या आणि आजार एकच होता. ही साखळी मागे मागे नेऊन पहिल्या गोळीशी पोहोचणे आणि उरलेल्या एकेक करून थांबवणे, हे नवे औषध लिहिण्यापेक्षा अधिक कौशल्याचे काम आहे. वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची बीअर्स यादी त्यासाठी वापरतात. मार्क बीअर्स यांनी ती १९९१ मध्ये प्रथम मांडली. आता अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी ती अद्ययावत करते आणि २०२३ ची आवृत्ती सध्या वर्गात शिकवतात. दुकानात विनाचिठ्ठी मिळणारे डायफेनहायड्रामीन, म्हणजे कित्येक घरांतील 'झोपेची साधी गोळी', त्या यादीत आहे.

मूत्रपिंडाचे गणितही हाताने करायला शिकवतात आणि ते योग्यच आहे. ८२ वर्षांच्या, ४८ किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन १.१ आले, तर लॅबच्या कागदावर ते फारसे वावगे दिसत नाही. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात हेच आकडे घातले तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३० मिलिलिटर निघते आणि अनेक औषधांचे डोस निम्म्यावर आणावे लागतात. स्नायू कमी झालेल्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, त्यामुळे तो आकडा फसवतो.

याशिवाय डिलिरियम (अचानक उद्भवणारा मानसिक गोंधळ) आणि स्मृतिभ्रंश यांतील फरक, लक्षणे नसताना लघवीत जंतू सापडले म्हणून प्रतिजैविक न देण्याचा संयम, खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येण्याची वेळ मोजणे, घड्याळ काढायला सांगून स्मरणशक्ती चाचपणे, दैनंदिन कामांतील स्वावलंबन मोजण्यासाठी काट्झ आणि लॉटन यांच्या मोजपट्ट्या वापरणे, हे सारे येते. न्यूयॉर्क विद्यापीठातील हार्टफर्ड संस्थेची 'ट्राय धिस' ही छोट्या मूल्यमापन पत्रकांची मालिका विद्यार्थ्यांनी जवळ ठेवावी.

आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायला शिकवतात : तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे काय? ज्येष्ठस्नेही आरोग्यसेवेच्या चौकटीत औषधे, मन आणि हालचाल यांच्याही आधी हा मुद्दा ठेवला आहे. रोज सकाळी देवळापर्यंत चालत जाता यावे एवढेच ज्यांना हवे आहे, त्यांच्या साखरेचा आकडा ताणून खाली आणण्याच्या नादात त्यांना चक्कर येऊन पडू देणे हा उपचार नव्हे.

क्लिनिकल तास किती असतात आणि जागा कोण शोधून देतो?

२०२२ च्या राष्ट्रीय निकषांनुसार प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास हवेत; त्यापूर्वी ही संख्या ५०० होती. डीएनपीसाठी बीएसएन पदवीनंतरचे एकूण १,००० तास ही रूढ अपेक्षा आहे. हे तास प्रिसेप्टरच्या, म्हणजे परवानाधारक नर्स प्रॅक्टिशनरच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली दवाखान्यात भरायचे असतात. सिम्युलेशनमधील सराव या ७५० तासांत धरला जात नाही.

खरी अडचण तासांच्या संख्येची नसून प्रिसेप्टर मिळण्याची आहे. कित्येक विद्यापीठे, त्यांत महागडीही आली, जागा शोधण्याचे काम विद्यार्थ्यावर टाकतात. मग दिवसभर ड्यूटी करून आलेली परिचारिका रात्री अनोळखी दवाखान्यांना ईमेल पाठवत बसते, शंभर पत्रांना दोन उत्तरे येतात आणि जागा न मिळाल्यामुळे सत्र वाया जाते. काही जणी शेवटी मध्यस्थ कंपनीला पैसे देऊन प्रिसेप्टर मिळवतात. शुल्क घेऊन शिक्षणाचा गाभाच विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडणे मला अन्यायाचे वाटते. राष्ट्रीय निकषांतही क्लिनिकल जागांची अंतिम जबाबदारी अभ्यासक्रमाची मानली आहे.

म्हणून विद्यापीठ निवडताना नाव आणि क्रमवारी यांच्या आधी हे विचारावे : जागा तुम्ही लेखी हमीने देता का, प्रिसेप्टरने मध्येच माघार घेतली तर काय होते, घरापासून किती अंतरापर्यंत पाठवता, नर्सिंग होम, घरभेटी आणि स्मृती क्लिनिक यांत प्रत्येकाला निदान काही आठवडे मिळतात का, आणि प्राध्यापक दवाखान्यात येऊन विद्यार्थ्याचे काम पाहतात का. या प्रश्नांची उत्तरे गुळमुळीत आली तर पुढचे विद्यापीठ पाहावे.

ऑनलाइन अभ्यासक्रमाला मान कमी असतो का?

मान्यता महत्त्वाची, माध्यम नव्हे. सीसीएनई किंवा एसीईएन यांसारख्या संस्थेची मान्यता असेल तर परीक्षेला बसता येते आणि प्रमाणपत्रावर ऑनलाइन असा शब्द नसतो. एक गोष्ट मात्र तपासावी : आपण ज्या राज्यात राहतो त्या राज्यात क्लिनिकल तास भरू देण्याची परवानगी त्या विद्यापीठाला आहे का? ती नसेल तर प्रवेशच मिळत नाही, किंवा अर्ध्यावर घर बदलले तर शिक्षण अडकते. शारीरिक तपासणी पडद्यावर शिकता येत नाही, म्हणून वर्षातून काही दिवस विद्यापीठात बोलावणाऱ्या अभ्यासक्रमाला मी प्राधान्य देईन.

पूर्णवेळ नोकरी सांभाळून हे शिक्षण होते का?

पहिल्या वर्षी होते. क्लिनिकल सुरू झाल्यावर आठवड्याला दोन ते तीन दिवस दवाखान्यात जातात, आणि दवाखाने दिवसाच उघडे असल्याने रात्रपाळी करणाऱ्यांची झोप मोडते. त्या काळात कामाचे तास कमी करण्याची तयारी आधीपासून ठेवावी. अर्धवेळ नोंदणी करून तीन-चार वर्षांत पूर्ण करणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

खर्चासाठी मदत मिळते का?

अनेक रुग्णालये आपल्या परिचारिकांचे शुल्क अंशतः भरतात, त्या बदल्यात ठरावीक वर्षे नोकरीचा करार असतो. संघीय सरकारच्या नर्स कोर आणि नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोर या योजनांत डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात सेवा केल्यास शैक्षणिक कर्ज फेडायला मदत मिळते. २०२५ च्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केले आहे, त्यामुळे पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी मांडलेला खर्चाचा हिशेब जसाच्या तसा धरू नये.

पदवीनंतर कोणती परीक्षा द्यावी लागते?

राष्ट्रीय प्रमाणनासाठी दोन संस्था आहेत, एएनसीसी आणि एएएनपीसीबी, आणि राज्यांची बोर्डे दोन्ही स्वीकारतात. एएएनपीसीबीच्या परीक्षेचा भर तपासणी, निदान व उपचार यांवर असतो. एएनसीसीच्या परीक्षेत त्यांच्या जोडीला व्यावसायिक भूमिका, धोरण आणि संशोधन यांचेही प्रश्न येतात. एकच द्यावी लागते. प्रमाणपत्र पाच वर्षांनी नव्याने घ्यावे लागते आणि सततच्या शिक्षणात औषधशास्त्राचे किमान २५ तास दोन्हीकडे मागितले जातात. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाचे उत्तीर्णतेचे प्रमाण विचारावे. सीसीएनईची अपेक्षा ८० टक्क्यांची आहे.

डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काम करता येते का?

ते राज्यावर अवलंबून आहे. ॲरिझोना, वॉशिंग्टन यांसारख्या निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला पूर्ण अधिकार आहेत. टेक्सासमध्ये औषधे लिहिण्यासाठी डॉक्टरांबरोबर लेखी करार लागतो. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून अनुभवानंतर टप्प्याटप्प्याने स्वातंत्र्य देण्याची सोय केली. नियंत्रित औषधांसाठी डीईए या संघीय औषध-अंमलबजावणी संस्थेची वेगळी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी व्यसनाधीनतेच्या उपचारांविषयी एकदाच आठ तासांचे प्रशिक्षण पुरे करावे लागते.

मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, नर्स प्रॅक्टिशनरच्या सेवेचे थेट पैसे देते, मात्र डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के. २०२० पासून घरी मिळणाऱ्या परिचर्येची शिफारसही नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या सहीने करू शकते. त्यापूर्वी केवळ त्या सहीसाठी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला डॉक्टरांची वाट पाहावी लागे.

मराठी येत असल्याचा या कामात काही उपयोग होतो का?

होतो, आणि तो केवळ भाषांतरापुरता नाही. मुलांकडे राहायला आलेले आईवडील दवाखान्यात बरेचदा गप्प बसतात आणि मुलगा किंवा सून त्यांच्या वतीने बोलते. 'अंगात कसकस', 'जीव घाबरा होतो', 'पोटात गॅस धरतो' यांचे शब्दशः भाषांतर केले तर त्यांतले हृदयविकाराचे लक्षण निसटू शकते. काढे, चूर्णे, भारतातून आणलेल्या सहा महिन्यांच्या गोळ्या यांची माहिती विचारल्याशिवाय कोणी देत नाही, आणि काही रसौषधींत (धातू-खनिजांपासून केलेल्या आयुर्वेदिक औषधांत) शिसे व पारा आढळलेले आहेत. पिशवीतली सगळी औषधे टेबलावर काढायला सांगण्याचा पाठ येथे सर्वांत उपयोगी पडतो. दक्षिण आशियाई माणसांत मधुमेह कमी वजनाला होतो, म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या प्रौढांची तपासणी बॉडी मास इंडेक्स २३ पासून करायला सांगते. हे आकडे आपल्या माणसांसाठी लक्षात ठेवावेत.

मात्र एक मर्यादा पाळावी. रुग्णाला मराठीखेरीज भाषा येत नसेल आणि आपले मराठीही वैद्यकीय संभाषणाला पुरेसे नसेल, तर प्रशिक्षित दुभाषी बोलवावा. तो विनामूल्य मिळणे हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. नातवंडाला दुभाषी करून आजोबांना कर्करोगाची बातमी सांगू नये.

ही पदवी घेऊन महाराष्ट्रात परतल्यास काय करता येईल?

तूर्त अमेरिकेतील अधिकार जसेच्या तसे मिळणार नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पद्धतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे आणि प्रसूतिसेवेतही अशी भूमिका उभी राहते आहे, पण वृद्धांच्या प्राथमिक सेवेसाठी स्वतंत्रपणे औषधे लिहिण्याचा अधिकार असलेली शाखा भारतात प्रस्थापित झालेली नाही. सर्वांत जवळची भूमिका उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची. महाराष्ट्रात त्या पदावर बीएस्सी नर्सिंग झालेल्यांबरोबर आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने काम करतात. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा करण्यात आला.

परतणाऱ्यांना नर्सिंग महाविद्यालयात अध्यापन, रुग्णालयांतील वृद्धविभाग, पॅलिएटिव्ह केअर आणि घरपोच सेवा ही क्षेत्रे खुली आहेत. सही डॉक्टरांची असली, तरी आठ गोळ्यांतील कोणत्या तीन थांबवता येतील हे त्यांच्यापुढे कारणांसह मांडणारी परिचारिका तेथेही हवीच आहे.

पहिली नोकरी निवडताना काय पाहावे?

पगाराआधी रुग्णसंख्या विचारावी. पहिल्याच महिन्यात दिवसाला वीस-बावीस रुग्ण देणारा दवाखाना नवख्याला घडवत नाही, झिजवतो. सुरुवातीचे तीन महिने कमी रुग्ण, शंका विचारायला त्याच इमारतीत उपलब्ध असलेला अनुभवी सहकारी आणि प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या पहिल्या भेटीसाठी निदान चाळीस मिनिटे, एवढे करारात लिहून मागावे. फेडरल आरोग्य केंद्रे आणि माजी सैनिकांची रुग्णालये यांतील काही ठिकाणी पदवीनंतर वर्षभराची रेसिडेन्सी असते. पगार कमी असला तरी, ती मिळत असल्यास जरूर घ्यावी.